डॉ. झाकीर हुसेन : जामियाचे उस्ताद, वर्धा योजनेचे शिल्पकार

जून महिना जवळ आला की आपल्या कन्हान-कांद्री परिसरात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलाला घालायचे कोठे? जिल्हा परिषदेची मराठी शाळा जवळ आहे, फी नाही, पण घरची बोली उर्दू. नदीपलीकडे कामठीला उर्दू शाळा आहेत, पण लहान मुलीला रोज पूल ओलांडून पाठवायला आईचे मन धजत नाही. इंग्रजी शाळेची फी खाणीतल्या कायम कामगाराला कशीबशी झेपते, रोजंदारीवाल्याला नाही. मदरशात दीन शिकेल, पण पुढे पोटापाण्याचे काय? संस्थेच्या कार्यालयात बसणाऱ्यांना हे सवाल आता पाठ झाले आहेत आणि प्रत्येक पालकाला तेच उत्तर देता येत नाही हेही त्यांना ठाऊक आहे.

शंभर वर्षांपूर्वी तेवीस वर्षांच्या एका तरुणासमोर हाच सवाल उभा राहिला. त्याने तो स्वतःपुरता सोडवला आणि त्या उत्तराची किंमत पुढे आयुष्यभर मोजली. त्याच माणसावर नंतर देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांचा आराखडा तयार करण्याची जबाबदारी आली, तीही आपल्या शेजारच्या वर्ध्यात. आणि त्या आराखड्याच्या नावाने कडवे भांडण पेटले तेही आपल्याच नागपुरात. डॉ. झाकीर हुसेन यांची तसबीर भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून अनेक शाळांच्या भिंतींवर असते. त्या तसबिरीमागचा शिक्षक मात्र आपल्या नव्या पिढीला फारसा माहीत नाही.

झाकीर हुसेन यांचा जन्म 8 फेब्रुवारी 1897 रोजी हैदराबादेत झाला. घराणे आफ्रिदी पठाणांचे, मूळ गाव उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातले कायमगंज. वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत नामांकित वकील होते. 1907 मध्ये ते वारले तेव्हा झाकीर दहा वर्षांचे होते. मुलांना घेऊन आई कायमगंजला परतली आणि 1911 साली प्लेगने तीही गेली. त्या वेळी झाकीर इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात राहत होते. आईबापाविना वाढलेल्या या मुलाला शाळा आणि तेथील हेडमास्तर सय्यद अल्ताफ हुसेन यांनीच सांभाळले. शाळा ही केवळ इयत्ता पास करण्याची जागा नव्हे, ती पोरक्या मुलाचे घरही होऊ शकते, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, अनुभवले होते.

इटाव्याहून ते अलिगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात गेले. सर सय्यद अहमद खान यांनी 1875 साली लावलेले हे रोपटे एव्हाना मोठे झाड झाले होते. मुसलमान तरुणांनी इंग्रजी शिकावे आणि सरकारी नोकऱ्यांत मागे राहू नये, या हेतूने ही संस्था निघाली होती व तो हेतू तिने पुष्कळ अंशी साधलाही होता. झाकीर हुसेन तेथे हुशार आणि वक्तृत्वात पटाईत विद्यार्थी म्हणून प्रसिद्ध होते. एम.ए. चा अभ्यास चालू असतानाच ते शिकवूही लागले. सरळ मार्गाने गेले असते तर चांगली सरकारी नोकरी त्यांची वाट पाहतच होती.

1920 चा ऑक्टोबर महिना. खिलाफत आणि असहकाराची हवा देशभर तापली होती. सरकारी व सरकारी अनुदानावरील शाळा-कॉलेजांवर बहिष्कार घाला, असे आवाहन करीत महात्मा गांधी आणि अली बंधू 12 तारखेला अलिगढला आले. झाकीर हुसेन त्या दिवशी प्रकृती दाखवण्यासाठी दिल्लीला गेले होते. परत आल्यावर स्टेशनावरच आपले सोबती पाहुण्यांची टिंगल करताना त्यांनी ऐकले आणि ते त्यांच्या मनाला फार लागले. सरकारी कॉलेज सोडा म्हणणे सोपे, पण सोडून जायचे कोठे? हा प्रश्न घेऊन ते पुन्हा दिल्लीला गेले. हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी आणि मौलाना मुहम्मद अली यांना भेटले. कॉलेज सोडणाऱ्या मुलांसाठी तुम्ही दुसरी शाळा काढणार असाल तर आम्ही सोडतो, असा त्यांचा रोखठोक व्यवहार होता. मला या माणसाचे मोठेपण येथेच प्रथम दिसते. बहिष्काराच्या घोषणा त्या दिवसांत पुष्कळांनी दिल्या. बहिष्कारानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग कोठे भरणार, हे विचारणारे थोडे होते.

29 ऑक्टोबर 1920 रोजी अलिगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते पाया घातला गेला. हकीम अजमल खान कुलपती आणि मौलाना मुहम्मद अली कुलगुरू झाले. सुरुवातीचे वर्ग तंबूत भरले. सरकारचा पैसा घ्यायचा नाही आणि सरकारची मान्यता मागायची नाही, हे ठरलेले होते. याचा अर्थ पालकांच्या दृष्टीने काय होतो, हे आपण संस्थाचालकांनी नीट समजून घ्यावे. जामियाची पदवी घेऊन सरकारी नोकरी मिळणार नव्हती. म्हणजे जे बाप आपला मुलगा तेथे पाठवीत, ते त्याच्या भाकरीचा प्रश्न अल्लावर सोपवूनच पाठवीत.

1922 मध्ये झाकीर हुसेन उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. गालिबच्या दीवानाची एक देखणी छोटी आवृत्ती त्यांनी बर्लिनच्या काव्यानी छापखान्यातून काढली आणि तिचे खिळे काही अंशी स्वतःच्या हातांनी जुळवले. जर्मनीतल्या नव्या पद्धतीच्या शाळाही त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिल्या. मुलाने हाताने काम करावे आणि कामातून शिकावे, हा विचार तेथेच त्यांच्या मनात पक्का झाला.

इकडे जामिया मरणपंथाला लागली होती. 1924 मध्ये तुर्कस्तानात खिलाफतच संपली. चळवळीचा पैसा आटला. संस्था बंद करावी असा विचार पुढारी करू लागले. ही बातमी बर्लिनला पोहोचली तेव्हा झाकीर हुसेन यांनी आपल्या दोन मित्रांसह, म्हणजे आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब यांच्यासह, कळवले की आम्ही येईपर्यंत जामिया बंद करू नका, आम्ही तिला वाहून घेऊ. हकीम साहेबांनी आणि गांधीजींनी धीर दिला. 1925 मध्ये जामिया दिल्लीच्या करोल बागेत आली. 1926 च्या प्रारंभी हे तिघे तरुण परतले आणि एकोणतीस वर्षांचे झाकीर साहेब कुलगुरू झाले. कुलगुरू हे नाव मोठे होते. तिजोरीत मात्र खडखडाट होता.

पुढच्या वर्षाअखेर हकीम अजमल खान यांचे निधन झाले आणि उरलासुरला आधार गेला. तेव्हा 1928 मध्ये जामियाच्या शिक्षकांनी एक अंजुमन स्थापून शपथ घेतली की वीस वर्षे संस्था सोडणार नाही आणि दरमहा दीडशे रुपयांपेक्षा अधिक पगार मागणार नाही. दीडशे ही वरची मर्यादा होती. प्रत्यक्षात हाती पडे ते यापेक्षा पुष्कळ कमी, आणि तेही वेळेवर पडेलच असे नाही. कुलगुरूंच्या घरची परिस्थिती शिपायाच्या घरापेक्षा फार निराळी नव्हती. त्यांच्या पत्नी शाहजहाँ बेगम यांनी ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना आपल्या भगिनींनीच करावी. चरित्रकार त्यांच्याविषयी फार थोडे लिहितात, ही मला नेहमी खटकलेली गोष्ट आहे.

पैसा उभा करण्यासाठी देशभरच्या सामान्य माणसांकडून लहान-लहान वर्गण्या घेण्याची 'हमदर्दाने जामिया' ही योजना निघाली. एखाद्या नवाबाच्या देणगीपेक्षा शंभर गरिबांच्या रुपयाने शाळा अधिक टिकते, हा हिशेब त्यांना पटला होता. आपल्यासारख्या छोट्या गावातील संस्थेला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

जामियाच्या प्राथमिक शाळेत मुले आपले दुकान चालवीत, आपली बँक चालवीत, बागकाम करीत आणि त्यातूनच हिशेब, भाषा व शिस्त शिकत. अब्दुल गफ्फार मधोली यांच्यासारखे कसलेले शिक्षक या कामाला वाहून घेत होते. गेर्डा फिलिप्सबोर्न नावाची एक जर्मन ज्यू स्त्री आपला देश सोडून येथे आली, लहान मुलांत रमली आणि 1943 मध्ये वारली तेव्हा जामियाच्याच मातीत तिला दफन केले. मुसलमान मुलांना इस्लामची तालीम मिळे, हिंदू मुलांना त्यांच्या धर्माची मिळे. गांधीजींचे चिरंजीव देवदास काही काळ तेथे शिकवीत होते. कौमाची शाळा असूनही तिच्या दाराला कडी नव्हती. 1 मार्च 1935 रोजी ओखल्याला नव्या इमारतीची कोनशिला बसवायची होती, तेव्हा कोणा संस्थानिकाला किंवा पुढाऱ्याला न बोलावता शाळेतल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून ती बसवली गेली.

मुलांच्या बाबतीत झाकीर साहेबांच्या कित्येक गोष्टी सांगितल्या जातात. बूट पॉलिश करून या असे वारंवार सांगूनही मुले ऐकत नाहीत, तेव्हा एके दिवशी कुलगुरू स्वतः ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले, ही त्यांपैकी एक. दुसरी गोष्ट ऐकताना आजही जीव गलबलतो. प्राथमिक शाळेच्या समारंभात ते मुलांना मिठाई वाटत होते. कोणी तरी येऊन कानात सांगितले की घरी त्यांची लहानगी रेहाना अल्लाला प्यारी झाली. त्यांनी हात थांबवला नाही. मुलांचा आनंदाचा दिवस पुरा होऊ दिला आणि मग घरी गेले. पुढे त्यांनी मुलांसाठी गोष्टी लिहिल्या त्या याच मुलीच्या नावाने छापल्या.

आता वर्ध्याकडे वळू. 1937 साली अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. सर्वांना मोफत प्राथमिक शिक्षण द्यायचे तर पैसा कोठून आणायचा, हा पहिलाच प्रश्न उभा राहिला. गांधीजींनी उत्तर सुचवले की शिक्षण हस्तोद्योगातून द्यावे आणि मुलांनी तयार केलेल्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा. यावर विचार करण्यासाठी 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात परिषद भरली. मुंबई प्रांताचे बाळासाहेब खेर, आपल्या मध्यप्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल, बिहारचे सय्यद महमूद असे मंत्री हजर होते. अध्यक्षस्थानी स्वतः गांधीजी.

अशा सभेत बहुतेक माणसे मान डोलावतात. झाकीर हुसेन उठले आणि अदबीने, पण स्पष्ट बोलले. कामातून शिक्षण ही कल्पना नवी नाही, शिक्षणक्षेत्रातली माणसे तिला आधीपासून ओळखतात, असे त्यांनी सांगितले. सगळे विषय टकळीतून शिकवता येतील हे त्यांना मान्य नव्हते. सर्वांत मोठी भीती त्यांनी शेवटी मांडली. शाळेने आपला खर्च आपणच काढावा यावर जास्त भर दिला तर शिक्षक मुलांकडून राबवून घेणारा मुकादम होईल, आणि मग पुस्तकी शाळेपेक्षा ती टकळीची शाळा वाईट ठरेल. सरकारी मदतीशिवाय अर्धपोटी शाळा चालवलेला माणूस हे बोलत होता, म्हणून त्या शब्दांना वजन होते. गांधीजींची थोरवी अशी की टीका करणाऱ्यालाच त्यांनी अभ्यासक्रम समितीचे अध्यक्ष केले.

समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, ख्वाजा गुलामुस सय्यदैन, आर्यनायकम् अशी मंडळी होती. दीड महिन्यात, 2 डिसेंबर 1937 रोजी, अहवाल तयार झाला. सात ते चौदा वर्षांपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण, माध्यम मातृभाषा, मध्यभागी एक उद्योग. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे उद्योगाला दिली होती. फेब्रुवारी 1938 मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली, हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि त्याचे अध्यक्षपदही झाकीर साहेबांकडेच आले. 'बुनियादी तालीम' किंवा 'नई तालीम' म्हणून आपण ओळखतो ती हीच.

आपल्या भागातल्या पालकाच्या नजरेने ही योजना पाहा. कामठीच्या मोमीन विणकराच्या घरी माग चालतच असे. त्याचा मुलगा न शिकताच कांड्या भरत होता. शाळेतही सूतच कातायचे असेल तर मुलाला शाळेत कशाला पाठवू, असे एखाद्या विणकराने म्हटले तर त्यात गैर काय? झाकीर साहेबांचे यावरचे म्हणणे असे की नुसते हात चालणे हे शिक्षण नव्हे. आधी काम मनात आखावे, साधने विचारपूर्वक निवडावीत, मग करावे आणि झालेले काम आपणच पारखावे, तरच ते काम मुलाला घडवते. विचार उत्तम होता. पण तो हजारो खेड्यांतल्या तुटपुंज्या पगाराच्या मास्तराकडून कसा अमलात यायचा, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

याच सुमारास रविशंकर शुक्ल यांनी मध्यप्रांतात आपली 'विद्यामंदिर' योजना काढली. गावकऱ्यांनी जमीन दान द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, अशी ती योजना होती. वर्धा योजनेशी तिचे नाते जोडले गेले आणि ठिणगी पडली. सरकारी शाळेला मंदिर का म्हणायचे, आमच्या उर्दूचे काय होणार, आमच्या मुलांना दीनाची तालीम कोण देणार, असे सवाल मुसलमानांनी केले. मुस्लिम लीगच्या पीरपूर अहवालात ही तक्रार आली. 1939 च्या आरंभी नागपुरात सत्याग्रहही झाला, तेव्हा कोठे तडजोडीची बोलणी झाली. वर्धा अहवालात धार्मिक शिक्षणाला जागा नव्हती, हाही रोष होताच आणि त्याचा सारा भार झाकीर हुसेन यांच्यावर आला. ज्यांनी कौमाच्या शाळेसाठी तारुण्य जाळले, त्यांनाच कौमाची मुले बिघडवणारा म्हटले गेले.

आज इतक्या वर्षांनंतर याचा निवाडा करताना दोन्ही बाजूंना बोल लावावा लागतो. नाव बदलल्याने शाळेचे काही बिघडले नसते. ज्या घरातून मूल यायचे त्या घराला ते नाव टोचत असेल तर सरकारने आधी त्या घराशी बोलायला हवे होते. धर्मशिक्षणाचा प्रश्नही टाळायला नको होता. जामियात झाकीर साहेबांनी तो सोडवून दाखवला होता, मग सरकारी शाळेच्या आराखड्यात तो मोकळा का राहिला, याचे मला आश्चर्य वाटते. दुसऱ्या बाजूने पाहता, विरोध करणाऱ्या आपल्या किती लोकांनी तो अहवाल उघडून वाचला होता, याची शंकाच आहे. त्यात मातृभाषेतून शिक्षणाचा जो आग्रह होता, तो उर्दूच्या बाजूचाच होता. 1939 अखेर काँग्रेसची मंत्रिमंडळे गेली, विद्यामंदिरे मागे पडली आणि भांडण तेवढे उरले.

झाकीर साहेबांनी उलट शब्द फारसा काढला नाही. ते ओखल्याला परतले आणि वर्गावर गेले. 17 नोव्हेंबर 1946 रोजी जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशात दंगली पेटल्या होत्या आणि पुढारी एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते. पण या शिक्षकाच्या बोलावण्यावरून पंडित नेहरू, मौलाना आझाद आणि बॅरिस्टर जीना एकाच मंचावर येऊन बसले. त्यांच्यासमोर झाकीर साहेबांनी आग विझवण्याची कळकळीची विनवणी केली. आग कोणी लावली हे नंतर ठरवा, आधी मुलांना जगू द्या, असा तिचा मथितार्थ होता. ती विनवणी फळाला आली नाही. पुढच्या वर्षी फाळणीच्या दंगलीत ते स्वतः जालंदर स्टेशनावर मरता मरता वाचले. त्यांना वाचवणाऱ्यांत एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे अधिकारी होता. करोल बागेतले जामियाचे पुस्तकांचे भांडार मात्र जळून खाक झाले.

त्यानंतरचा प्रवास सर्वांना ठाऊक असल्याने थोडक्यात सांगतो. 1948 मध्ये, अलिगढ विद्यापीठाकडे सारा देश संशयाने पाहत असताना, त्यांनी तेथील कुलगुरुपद पत्करले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी जी संस्था सोडली होती, तीच सावरायला ते परत गेले. 1957 मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले, 1962 मध्ये उपराष्ट्रपती, 1963 मध्ये भारतरत्न आणि 13 मे 1967 रोजी राष्ट्रपती. बुनियादी तालीम स्वातंत्र्यानंतर सरकारी धोरण झाली, शाळांना पाट्या लागल्या, टकळ्या वाटल्या गेल्या. त्या नावाखाली जे चालले होते ते पाहून ते स्वतः व्यथित होते आणि तसे त्यांनी जाहीरपणे बोलूनही दाखवले. 1937 च्या परिषदेत व्यक्त केलेली भीती एका निराळ्याच वाटेने खरी ठरली होती. मुकादम झाला नाही, पण शिक्षकही तयार झाला नाही.

जामियाला 1962 मध्ये विद्यापीठसमान दर्जा मिळाला आणि 1988 मध्ये ती केंद्रीय विद्यापीठ झाली. सरकारची मान्यता नाकारून तंबूत सुरू झालेली शाळा अखेर सरकारच्या कायद्याने विद्यापीठ बनली. काहींना यात तिची हार दिसते. मला तसे वाटत नाही. 1920 चे सरकार परके होते आणि 1950 ची घटना आपली आहे. त्याच घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. आपली संस्थाही त्याच हक्कावर उभी आहे. 2009 चा शिक्षणहक्काचा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला, तेव्हा पुष्कळांना सुटल्यासारखे वाटले. कायद्याच्या बंधनातून आपण सुटलो असू. परंतु तो पालक जूनमध्ये पुन्हा आपल्या कार्यालयाच्या पायरीवर येतोच, आणि तुमच्या शाळेत माझे पोर काय शिकेल, असे विचारतो.

राष्ट्रपतिभवनातही झाकीर साहेबांचा जीव गुलाबांच्या ताटव्यांत, पुस्तकांत आणि भेटीला येणाऱ्या मुलांत रमत असे. 3 मे 1969 रोजी तेथेच हृदयविकाराने त्यांचा इंतकाल झाला. पदावर असताना निधन पावलेले ते पहिले राष्ट्रपती. त्यांना दफन केले ते ओखल्याला, जामियाच्या आवारात, जेथे चौतीस वर्षांपूर्वी शाळेतल्या सर्वांत लहान मुलाने पहिला दगड बसवला होता.